बोकडाला हवापालट

साहेबाने मन लावून काम केलं तर नाकशेठच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून ठेवू. साहेब म्हणजे बोकड, आणि नाकशेठ त्याचा मालक. पहिली गोष्ट, शेळीपालक मंडळाच्या कॅलेंडरावर फोटो: मध्ये साहेब, बाजूला त्याचं शिंग धरून नाकशेठ. दुसरी, त्याच मंडळाची अध्यक्षाची खुर्ची. तिच्यावर चौदा वर्षं एकच गृहस्थ बसले होते, आणि खुर्चीला आता त्यांच्या बैठकीचा आकार आला होता. तिसरी गोष्ट नाकशेठने कुणाजवळ कधी बोलून दाखवली नाही. लोक साहेबाच्या पोराबाळांची चौकशी करत बसले की नाकशेठच्या पोराबाळांची चौकशी करायची राहून जाई. साहेबाची आसपासच्या गोठ्यांत मिळून एकशे बारा पिल्लं होती. नाकशेठला एकही मूल नव्हतं. कुणी विचारलंच, तर तो सरळ बेरीज सांगे, "आमच्याकडे एकशे बारा."

ही बेरीज त्याची बायको केबिनच्या खिडकीतून रोज ऐकायची. ती वजनकाट्यावर पावत्या लिहायची. तिला सगळे सूनबाई म्हणत, कारण सासूबाई दिवसातून पन्नास वेळा त्याच नावाने हाक मारत आणि ती हाक रांगेतल्या शेवटच्या ट्रकपर्यंत पोचे. लग्नाला पाच वर्षं झाली होती. घरात बाळ एकच होतं, छत्तीस वर्षांचं. सासूबाई मुलाला अजून बाळच म्हणत.

वजनकाटा हमरस्त्याला लागून होता. जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट, त्यावर ट्रक उभा राहिला की केबिनमध्ये लाल आकडे उमटत. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की उरेल तो माल. केबिनच्या पाठीला घर, घराच्या खिडक्या फलाटाकडे. 'इंजिन बंद ठेवा' अशी पाटी लावलेली होती, पण तिच्यावर इतकी काजळी बसली होती की वाचायच्या आधी पुसावी लागे, आणि न वाचलेली पाटी कोण कशाला पुसेल. रांग दर दोन मिनिटांनी एक गाडी पुढे सरकायची. तेवढ्यासाठी इंजिन बंद करून पुन्हा चालू करायचा उत्साह कुठल्याच ड्रायव्हरकडे नव्हता. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत पंधरा-वीस इंजिनं धडधडत उभी असत. दोरीवर पांढरा सदरा टाकला तर उतरवताना तो करडा होई. सासूबाई त्याला टिकाऊ रंग म्हणत.

आता नाकशेठ हे नाव कसं पडलं, ते. ट्रक फलाटावर चढला की हा माणूस मागच्या बाजूला जायचा, धुराच्या नळकांड्याजवळ वाकायचा, डोळे मिटायचा आणि अत्तराच्या दुकानात गिऱ्हाईक मनगट हुंगतं तसा एक लांब श्वास घ्यायचा. मग उभा राहून सांगायचा, "एकवीस टन, दोनशे किलो कमी." त्यानंतर केबिनमध्ये आकडा उमटायचा. चुकला तर क्विंटलभराने. गाडी किती ओझ्याने कण्हते ते तिच्या धुरात कळतं, असं त्याचं म्हणणं होतं. ड्रायव्हर त्याच्याशी चहाची पैज लावत आणि हरत. सहा वर्षांत नाकशेठने स्वतःचा चहा स्वतः विकत घेतलेला नव्हता. पैजेचा एक रिवाजही पडला होता: पैज रद्द पावतीच्या पाठीवर लिहायची, दोघांनी सही करायची, आणि हरलेल्याने कुरकुर करायची नाही.

साहेबही तिथेच, फलाटाला लागून असलेल्या खांबाला बांधलेला असायचा. येणारेजाणारे त्याचं कपाळ खाजवत, त्याच्या एकंदर ऐवजाचं कौतुक करत, आणि त्यातून नवी गिऱ्हाइकं मिळत. बोकडाचं तोंड आणि ट्रकचं नळकांडं बरोबर एका उंचीवर येतात, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असतं तरी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं.

सूनबाईचा हिशेब वेगळा होता आणि तो पावतीपुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्यांवर लिहिलेला होता. पाच वर्षांत दवाखान्यांच्या तेवीस खेपा. सुया एक्केचाळीस. तिसऱ्या वर्षी तिचं थायरॉइड बिघडलेलं निघालं, तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. खेपांना सोबत सासूबाई. नाकशेठ एकदाही गेला नव्हता, कारण काटा सोडून जाता येत नाही. पहिल्याच डॉक्टरने नवऱ्याचीही तपासणी करू म्हटलं होतं. त्या डॉक्टरकडे पुन्हा जायचं नाही, असं सासूबाईंनी रिक्षात बसता बसता ठरवलं.

या घरात सगळ्या तारखा शिक्क्यावरून मोजत. वजनमाप खात्याचा निरीक्षक वर्षातून एकदा येऊन काटा तपासायचा आणि शिक्का मारून जायचा. गेल्या शिक्क्याच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या शिक्क्यापर्यंत वाट बघू. नाहीतर तू तुझ्या आईकडे जा, आमचं आम्ही बघू." आमचं आम्ही बघू म्हणजे काय, ते समजायला सूनबाईला पुठ्ठा लागला नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बाहेर एका वाळूच्या ट्रकमागे डोळे मिटून उभा होता.

पुढचा शिक्का तीन महिन्यांवर आला असताना दूधवाली आपली शेळी घेऊन तिसऱ्यांदा दारात उभी राहिली. याआधी दोनदा शेळी साहेबाकडे येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा काही राहिलं नव्हतं.

"तुमचा साहेब नुसता सही करतो," ती म्हणाली. "शिक्का काही उमटत नाही."

सासूबाईंनी पदर खोचला आणि सांगितलं, खोट शेळीत असेल. शेळीचे डोळेच सांगतात. शेळीला गरम पडत असेल, शेळी नाचरी असेल, शेळीच्या आईलाही उशिराच राहिलं असेल. केबिनमध्ये सूनबाईचं पेन थांबलं. ही सगळी वाक्यं तिने शेळीशिवाय ऐकलेली होती.

दूधवाली शांतपणे म्हणाली की हीच शेळी गेल्या वर्षी पुलापलीकडच्या बोकडाकडून दोन पिल्लं घेऊन आली होती, आणि तो बोकड तर एका डोळ्याने आंधळा. शिवाय ती एकटीच नव्हती. गेल्या आठ महिन्यांत साहेबाकडून अकरा शेळ्या रिकाम्या परतल्या होत्या. लोक भिडेपोटी बोलत नव्हते, एवढंच.

अकरा हा आकडा ऐकून नाकशेठचा चेहरा उतरला. त्याने त्याच दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. पाच वर्षांत जे जमलं नव्हतं, ते बोकडाच्या बाबतीत दीड तासात जमलं.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या त्या एक रबरी पिशवी, एक काचेची नळी आणि एक देखणी शेळी घेऊन. पुढचा कार्यक्रम उघड्यावरच झाला, कारण साहेबाला आडोशाची सवय नव्हती. नाकशेठने शिंगं धरली आणि तोंड फिरवलं. रांगेतल्या चार ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून प्रोत्साहन दिलं. साहेबाने काम चोख केलं, पण नळीत उतरलं ते पाहून डॉक्टरीणबाईंनी नळी दोनदा हलवून पाहिली. सूक्ष्मदर्शक त्यांनी केबिनच्या टेबलावरच मांडला आणि बराच वेळ पाहिल्यावर सांगितलं, "मोजके आहेत. त्यातले निम्मे जागच्या जागी गोल फिरतायत."

मग त्यांनी विचारलं, हा बांधलेला कुठे असतो. खांब दाखवल्यावर त्यांनी कापसाचा बोळा खांबावर फिरवला. काळा. खिडकीच्या काचेवर फिरवला. काळा. साहेबाच्या नाकपुडीत घातला, आणि साहेब शिंकला.

"धुरात काही रसायनं असतात, ती शरीरातल्या हार्मोनसारखी वागतात," त्या म्हणाल्या. सासूबाईंच्या कपाळावरची आठी पाहून त्यांनी सूनबाईच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट केलं. "हार्मोन म्हणजे अशा पावत्या समजा. केबिनमधून पावती गेली की गाडी हलते. उद्या कुणी बाहेर उभा राहून खोट्या पावत्या वाटायला लागला, तर? काटा बरोबर, गाडी बरोबर, माल बरोबर, तरी नको ती गाडी हलेल आणि हवी ती अडून राहील."

एका बोकडावरून आपण छातीठोक सांगू शकत नाही, असंही त्या म्हणाल्या. चारा असेल, उष्मा असेल, वय असेल. पण धूर आधी काढून बघू, कारण बोकड उचलून दुसरीकडे बांधायला औषध लागत नाही. फरक दिसायला दोन-अडीच महिने लागतील.

इथे नाकशेठने तोंड उघडलं नसतं तर ही गोष्ट बोकडावरच संपली असती. पण धुराची बदनामी त्याला सोसवली नाही. त्याने सांगितलं की हा धूर तो बारा वर्षं छाती भरून घेतोय, रोज शंभरेक गाड्यांचा, तोही अगदी नळकांड्यातून ताजा. आणि त्याला काय झालंय?

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सूनबाईकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "तुम्हाला मुलं किती?"

बाहेर एक ट्रक घुमत होता. नाकशेठच्या तोंडात एकशे बारा आले होते, ते त्याने गिळले.

"तो काय बोकड आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही ना," डॉक्टरीणबाई सामान आवरत म्हणाल्या. "बोकडाचं बरं असतं. त्याला लाज नसते."

साहेबाची रवानगी त्याच संध्याकाळी नाकशेठच्या बहिणीकडे झाली. तिचं घर टेकडीवर होतं, तिथवर रस्ताच जात नव्हता. सासूबाई स्वतः त्याला पोचवायला गेल्या, त्यांनी त्याच्या गळ्यात नवा पट्टा बांधला, लेकीला सांगितलं की याला जपायचं, याच्यामागे खूप लागलेलं आहे. परत आल्यावर त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, गरम होतंय म्हणून पुन्हा उघडल्या, आणि सूनबाईला गोळी घेतली का म्हणून विचारलं.

सूनबाईने त्या अडीच महिन्यांत नवऱ्याला तपासणीचं तीनदा विचारलं. पहिल्यांदा जेवताना, त्याला ठसका लागला. दुसऱ्यांदा कपडे वाळत घालताना. तो म्हणाला, कपडे आत घाल, काळे होतात. तिसऱ्यांदा तिने सरळ बाटली समोर ठेवली, दवाखान्याची, नमुन्यासाठीची, झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली. त्याने ती उचलून उजेडात धरली, जणू तिच्यातून किती टन माल जाईल याचा अंदाज घेत होता, आणि फडताळावर ठेवून दिली. "लोक काय म्हणतील," तो म्हणाला. लोक म्हणजे ड्रायव्हर. ते आधीच काय काय म्हणत होते ते सूनबाई खिडकीतून रोज ऐकत होती, पण नवऱ्याची दया येऊन ती ते सांगत नव्हती.

शिक्क्याच्या आदल्या दिवशी नणंदेचा फोन आला. डॉक्टरीणबाई पुन्हा तपासून गेल्या होत्या. साहेब सुधारला होता. नुसता सुधारला नव्हता, टेकडीवरच्या सहा शेळ्या त्याने परस्पर मार्गी लावल्या होत्या आणि सातवीच्या मागे कुंपण तोडलं होतं. सासूबाईंनी फोनवरच त्याची दृष्ट काढली. नाकशेठने रांगेतल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं, हवा, हवा, सगळा हवेचा गुण. हे सांगताना तो एका सिमेंटच्या ट्रकमागे वाकलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक आले, वजनं ठेवून काटा तपासला, शिक्का मारला, आणि केबिनमध्ये चहा घ्यायला बसले. सासूबाईंनी सूनबाईची बॅग आणून दारात ठेवली. त्या रागावलेल्या नव्हत्या. ठरल्याप्रमाणे वागत होत्या, आणि ठरल्याप्रमाणे वागणारी माणसं रागावलेल्यांपेक्षा अवघड असतात.

सूनबाईने बॅगेकडे पाहिलं. मग एक रद्द पावती उलटी केली, तिच्यावर काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि खिडकीतून बाहेर धरली.

"अहो, एक पैज आहे."

नाकशेठ आला. पावतीवर लिहिलं होतं: बरोबर साडेअकरानंतर फलाटावर चढेल त्या पहिल्या गाडीचं वजन त्याने हुंगून सांगायचं. बरोबर आलं तर सूनबाई बॅग उचलून निघेल, शब्द न काढता. चुकलं तर फडताळावरची बाटली. साक्षीला खुद्द वजनमाप खातं.

ड्रायव्हर खाली उतरून जमले. नाकशेठने चार दिशांना पाहिलं, आणि प्रत्येक दिशेला त्याच्याकडून चहा हरलेला एक तरी माणूस उभा होता. सहा वर्षांत त्याने पैज नाकारलेली नव्हती. बायको जावी असं त्याला वाटत होतं का? नव्हतं वाटत, हे त्याने नंतर नणंदेजवळ कबूल केलं, म्हणजे आपल्या बहिणीजवळ. पण हरावं असं तर त्याहून वाटत नव्हतं. त्याने सही ठोकली. निरीक्षकांनी, त्यांच्या आयुष्यात प्रथमच कुणी वजनावर इतकी श्रद्धा दाखवत होतं म्हणून, आपलीही ठोकली.

ड्रायव्हर खाली उतरल्याने रांग खोळंबली होती, आणि साडेअकरा वाजून सहा मिनिटांनी आधी वेळ ठरवलेली बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याची गाडी चढली. ती चढल्याचं कुणाला कळलंच नाही. आकडे उमटले तेव्हा निरीक्षक दचकले. नाकशेठ सवयीने मागे गेला, वाकला, डोळे मिटले, आणि लांब श्वास घेतला. काहीच आलं नाही. डोळे उघडून त्याने नळकांडं शोधलं. डावीकडे नव्हतं, उजवीकडे नव्हतं. तो गुडघ्यांवर बसून गाडीखाली पाहू लागला. शेवटी झोपलाच.

"शेठ, बॅटरीची आहे," ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "हिला शेपूट नसतं."

गाडीची वेळ सूनबाईला ठाऊक होती का? रांगेशिवाय वेळ हवी म्हणून कारखान्याचा फोन आदल्या दिवशीच आला होता आणि नव्या गाडीची नोंद वहीत साडेअकराच्या पुढे होती, तिच्याच अक्षरात. ती वही नाकशेठच्या टेबलावर उघडीच असायची. पण हुंगून चालत असताना वाचतं कोण.

त्याने जमिनीवर पडल्या पडल्या नऊ टन सांगितलं. आकडा तेरा टन चारशेचा होता. पाणी जड असतं, आणि बॅटऱ्याही. कुणी हसलं नाही. एका माणसाने चहा मागवला, तो नाकशेठला पहिल्यांदाच गोड लागला नाही.

सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, असली कसली पैज, घरातल्या गोष्टी घरात. निरीक्षकांनी कप खाली ठेवला आणि अदबीने सांगितलं की कागदावर त्यांची सही आहे, आणि त्यांच्या सहीचं वजन सरकारने ठरवलेलं आहे. मग सूनबाईने स्वतःच फडताळावरून बाटली काढली, फडक्याने पुसली, नवऱ्याच्या हातात दिली आणि दारातली बॅग उचलून आत नेली.

तपासणीचा निकाल बोकडाच्या निकालासारखाच आला. मोजके, आणि त्यातले निम्मे जागच्या जागी गोल फिरणारे. माणसांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: धूर हे एकच कारण असेल असं नाही, पण आधी तो बंद करा, तीन महिन्यांनी या. सासूबाई या खेपेलाही सोबत होत्या. परतताना रिक्षात त्यांनी डॉक्टर बदलायचं नाव काढलं नाही.

नाकशेठला टेकडीवर पाठवण्यात आलं. बहिणीकडे रिकामी जागा एकच होती, साहेबाच्या गोठ्याला लागून. साहेब रात्रंदिवस कामात असल्याने नाकशेठला झोप कमी मिळे, पण हवा चांगली होती. इकडे सूनबाईने पाटी घासून पुसली आणि नवा नियम केला: इंजिन बंद झाल्याशिवाय पावती नाही. पहिले दोन दिवस ड्रायव्हर भांडले. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की या बाईशी पैजही लावू नये आणि वादही घालू नये. काट्यावर इतकी शांतता झाली की सासूबाईंना आपली हाक स्वतःलाच मोठी वाटू लागली.

तीन महिन्यांनी नाकशेठ परतला. आकडे सुधारले होते. पहिल्याच दिवशी त्याने एका ड्रायव्हरला गळ घालून इंजिन चालू ठेवायला लावलं, मागे जाऊन श्वास घेतला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला. वजन सहा टनांनी चुकलं. चांगल्या हवेने नाक कायमचं बिघडलं होतं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सूनबाईजवळ हळूच विषय काढला, की आता काय, आता उशीर कशाला. सूनबाई पुस्तक मिटत म्हणाली, "आई, आता मला घाई नाही. पुढच्या शिक्क्यापर्यंत बघू."

तर कुणी काय भरलं ते असं. साहेबाने एक शिंक दिली; अध्यक्षांच्या खुर्चीवर अजून तेच गृहस्थ आहेत, पण कॅलेंडरावर साहेब आहे, एकटाच, शिंग धरायला कुणी नाही. नाकशेठने एक बाटली दिली आणि एक नाक. सासूबाईंनी एक वाक्य दिलं, दूधवालीच्या तोंडावर: "खोट शेळीत नव्हती." कुठल्या शेळीबद्दल चाललंय, ते दूधवालीने विचारलं नाही. ड्रायव्हरांनी सहा वर्षांचे चहा दिले. त्यांची बाटली अजून कुणी मागितलेली नाही. सूनबाईने पाच वर्षं दिली, तेवीस खेपा, एक्केचाळीस सुया, आणि रोज सकाळची ती गोळी, जी डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे जन्मभर चालणार आहे. काट्यावरची प्रत्येक पावती तिच्या हातची असल्याने, तिच्या नावाची पावती अजून कुणी फाडलेली नाही.